बिल्डिंगसाठी घेतलेला 12 एमएमचा कॅरम बोर्ड, सहा महिन्यांनंतर (बोर्डाचा रिव्ह्यू आणि थोडा शेजाऱ्यांचा पण)

आधीच सांगून ठेवते, बोर्डाबद्दल लिहायला बसलेय पण निम्मं आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांबद्दल होणार, त्याला इलाज नाही. कॅरममध्ये चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून तासन्‌तास बसतात, कोण कसा हरतो आणि कोण कसा जिंकतो सगळं समोर दिसतं, मग बोर्डाचाच तेवढा रिव्ह्यू कसा लिहायचा.

तर आम्ही डोंबिवलीत, चार मजले, 16 घरं. जुना बोर्ड कुणीतरी ऑनलाइन मागवलेला, साइटचं नाव घेत नाही, तो लहान साइजचा आणि पातळ प्लायचा होता, पहिल्याच पावसाळ्यात मधोमध फुगला. म्हणजे सोंगटी कुठेही मारा ती आपली घरंगळत कोपऱ्याकडे. लहान मुलं खूश, बाकीचे वैतागलेले. शेवटी एप्रिलमध्ये घरटी 500 काढले, 8,000 जमले आणि मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका धोबीतलावला गेलो. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत तिथे. काका रिटायर्ड, चाळीत वाढलेले, गणपतीतल्या कॅरम स्पर्धांवर पोसलेला माणूस, त्यामुळे दुकानदाराची काही खैर नव्हती.

काकांनी तिथे जे केलं ते तुम्ही पण करा, खरंच उपयोगी आहे. आधी लोखंडी पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून उजेड दिसतो का बघितलं. मग फ्रेमचे चारही सांधे नखाने चाचपले, सांध्यात नख अडकलं तर बोर्ड बाद. मग पावडर टाकून स्ट्रायकर समोरच्या फ्रेमवर जोरात मारला आणि तो किती वेळा जाऊन परत येतो ते मोजलं. आमचा साडेतीन वेळा फिरला, शेजारचा 8 एमएमचा जेमतेम दोन. नियमात किमान जाडी 8 एमएमच दिलीय, पण घरी घ्यायचा असेल तर 12 च्या खाली नका जाऊ असं माझं मत झालंय. 20 एमएमचा पण होता, काकांचा जीव त्याच्यात अडकलेला, पण बजेट बजेट असतं. साइज मात्र बघून घ्या, खेळायची जागा आतून 74 सेंटिमीटर बाय 74 पाहिजे, म्हणजे साधारण 29 इंच, फ्रेम धरून बाहेरून 35 च्या आसपास जातं. 'फुल साइज' असं नुसतं लिहिलेलं बघून घेऊ नका, टेप लावा.

हिशोब सांगते कारण आमच्याकडे अजून विचारतात. बोर्ड 5,800, स्टँड 1,100, सोंगट्या 450, स्ट्रायकर 200, बोरिक पावडरचे दोन डबे 120. उरले 330, त्यात वरच्या बल्बचं होल्डर, वायर आणि टोपी. दुपारच्या लोकलने मालडब्यातून आणला, एक मासेवाल्या मावशी पूर्ण प्रवास बोर्डाला हात लावून उभ्या होत्या, म्हणाल्या पडला तर माझी टोपली जाईल.

बोर्ड चांगलाय. पृष्ठभाग गुळगुळीत, रेषा पुसट झालेल्या नाहीत, रिबाउंड अजून तसाच. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की पावडर ओली होऊन बसते आणि सोंगट्या चिकटल्यासारख्या चालतात, पण तो बोर्डाचा दोष नाही, खेळायच्या आधी अर्धा तास वरचा बल्ब लावून ठेवला की सुटतं. उन्हात मात्र ठेवू नका. आणि भिंतीला तिरका टेकवून तर अजिबात ठेवू नका, आधीचा बोर्ड तसाच वाकला होता, एकतर आडवा सपाट ठेवा नाहीतर खिळ्याला सरळ टांगा. स्टँडबद्दल न बोललेलं बरं, जोरात ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारला की डुगडुगतो, एका पायाखाली सोसायटीच्या मीटिंगच्या नोटिसची घडी आहे. एकूण त्या नोटिसचा तेवढाच उपयोग झाला.

आता माणसांबद्दल.

पहिला आठवडा रोज भांडणं झाली, मला वाटलं 8,000 पाण्यात गेले. कारण फालतू होतं, प्रत्येक जण लहानपणीच्या गल्लीतले नियम घेऊन आलेला. एकाच्या गावात राणी शेवटी घेतलेली चालायची, एकाकडे ड्यू, म्हणजे फाऊलचा दंड, दोन सोंगट्यांचा, एक जण म्हणे आमच्याकडे अंगठ्याने मारणारा आउट. मग आम्ही कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलं आणि त्यानंतर 80 टक्के कटकट संपली. काळी-पांढरी नऊ-नऊ, राणी तीन पॉइंटची आणि लगेच कव्हर पाहिजे (म्हणजे राणीपाठोपाठ आपली एक सोंगटी घ्यायची), गेम 25 ला, आणि तुमचे 21 च्या पुढे गेले की राणीचे तीन मिळणार नाहीत, हे स्पर्धेत पण असंच असतं. स्ट्रायकरला टिचकी मारायची, ढकलायचा नाही. नवीन ठिकाणी खेळायला बसलात तर ब्रेकच्या आधी विचारून घ्या की इथे कसं खेळतात, नंतर फाऊल झाल्यावर 'आमच्याकडे तर चालतं' म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही आणि मी स्वतः तो माणूस होते म्हणून सांगतेय.

दुसरी गोष्ट, सल्ला. मागे उभं राहून 'अगं कट मार ना, कट, डावीकडून' करणारे. आमच्याकडे असे तीन आहेत, पैकी एकाला स्वतःला सरळ सोंगटी जात नाही. ह्याच्यावर नियम करून पण काही होत नव्हतं, शेवटी असं ठरवलं की जो बोलेल त्याने पुढच्या चहाची भांडी विसळायची. आता शांतता आहे, म्हणजे तोंडाची, हात अजून हवेत कट मारत असतात.

डबल्समध्ये नवरा-बायकोला समोरासमोर पार्टनर बसवू नका, हा माझा अगदी कळकळीचा सल्ला. माझा नवरा ऑफिसमध्ये दहा लोकांना सांभाळून घेतो म्हणे, पण माझी राणी कव्हर झाली नाही तर असा बघतो जणू गॅस चालू ठेवून आलेय. विरुद्ध टीममध्ये बसलो की तोच माणूस गमतीत असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंचं पण सेम, काकूंनी तर स्पष्ट सांगितलंय, चाळीस वर्षं एका टीममध्ये आहे तेवढं पुरे.

नवीन कोणी राहायला आलं असेल, किंवा तीनच माणसं असतील, किंवा एक जण एकदम शिकाऊ असेल, तर डबल्स न लावता पॉइंटवाला गेम लावा, काळी 10, पांढरी 20, राणी 50, ज्याला जे जाईल ते घ्यायचं. त्यात पार्टनरचं नुकसान होत नाही त्यामुळे नवखा माणूस दडपणात येत नाही. तळमजल्यावर एक मुलगा भाड्याने आलाय, लातूरकडचा, चार महिने नुसतं हो-नाही एवढंच बोलायचा, पॉइंटवाल्या गेममध्ये दोन रविवार बसला आणि आता वरच्या काकांना 'काय काका, आज चष्मा विसरलात का' म्हणतो.

मुलांना मुद्दाम जिंकू देऊ नका, नऊ-दहा वर्षांच्या पोराला लगेच कळतं आणि मग ते जास्त चिडतं. त्यापेक्षा मी डाव्या हाताने खेळते, किंवा त्याला आधीच पाच पॉइंट देऊन ठेवते, उघड. मग जिंकला तर खरंच जिंकला. पावडर मात्र त्यांच्या हातात देऊ नका, बोर्डावर भस्म फासतात, आणि ते बोरिक आहे, नाका-तोंडात जायची गोष्ट नाही. चिमूटभर मध्ये टाकून कोरड्या कापडाने पसरायची, खेळ संपला की पुसून ठेवायची, एवढंच.

पाळीचा एक घोळ होता. 'हरणारा उठणार' हा नियम सगळीकडे असतो, ऐकायला न्याय्य वाटतो, पण त्याने होतं काय की तेच चार पक्के खेळाडू रात्री 11 पर्यंत बसलेले आणि बाकीचे बघून बघून घरी. आणि ते चार अर्थातच पुरुष. बायका चहा आणून ठेवणार आणि 'छान मारलं हं' म्हणून परत वर जाणार. ह्यावर मी ग्रुपवर जरा मोठा मेसेज टाकला होता, थोडा जास्तच तिखट झाला असेल. 2024 मध्ये अमेरिकेत झालेल्या जागतिक स्पर्धेत चेन्नईच्या रिक्षाचालकाची मुलगी काझिमा तीन गोल्ड घेऊन आली, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये मुलींनी पावडर पुसायची, असं काहीसं. आता दोन बोर्ड, म्हणजे दोन डाव, झाले की चौघांनी उठायचं, जिंका नाहीतर हरा. आणि चार ते सहा ही वेळ बायकांची. पक्क्या खेळाडूंपैकी एक जण पंधरा दिवस रुसून आलाच नाही, मग भजी तळल्याचा वास गेला आणि आला.

एक गोष्ट लिहू की नको विचार करत होते. बिल्डिंगमध्ये दोन जण आहेत, पार्किंगवरून वाजलं, सव्वा वर्ष बोलत नव्हते, लिफ्टमध्ये एक असला तर दुसरा जिन्याने. गणपतीत स्पर्धेच्या चिठ्ठ्या काढल्या आणि नेमके हे दोघं पार्टनर. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कुणीतरी म्हणालं परत काढूया, काका म्हणाले चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. पहिला बोर्ड दोघंही एक अक्षर न बोलता खेळले, हरले. दुसऱ्या बोर्डात एकाने राणी घेतली, कव्हरची सोंगटी भोकाच्या तोंडावर जाऊन अडकली, आणि दुसऱ्याच्या तोंडून निघून गेलं, 'अरेरे, चांगली मारली होतीस रे.' बस, तेवढंच. सेमीफायनलपर्यंत गेले. म्हणजे समेट वगैरे काही झालेला नाही, स्कूटर अजून दोघं तिरकीच लावतात, पार्किंगचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजून तसाच आहे. पण रविवारी बोर्डावर बोलतात. कुणी मध्ये पडून 'आता विसरा झालं गेलं' करायला गेलं नाही हे फार बरं झालं, तसं केलं असतं तर दोघं उठून गेले असते.

मार्क द्यायचे तर बोर्डाला पाचात साडेचार, स्टँडला दोन आणि तेही उपकार म्हणून. अर्धा बोर्डाचा कापला कारण एका भोकाची जाळी सहा महिन्यांत फाटली, सोंगटी सरळ जमिनीवर. त्याच नादात एक काळी हरवली, कपाटाखाली, चपलांमध्ये, कुंड्यांमागे, सगळं शोधून झालं. सध्या नववी काळी म्हणून जुन्या बोर्डाची एक चालवतोय, ती जरा हलकी आहे, आणि काका हरलेल्या प्रत्येक बोर्डाचं खापर तिच्यावर फोडतात.