'विचर ३' की 'एल्डन रिंग': आधी कोणता घ्यायचा?

पैसे एकाच गेमचे आहेत, किंवा पैसे दोन्हींचे आहेत पण वेळ एकापुरताच आहे, अशांसाठी हे लिहितोय. "गोष्ट विचरची भारी, गेमप्ले (म्हणजे प्रत्यक्ष खेळणं) एल्डन रिंगचा भारी" हे उत्तर तुम्ही ऐकलेलं असणारच. ते खोटं नाही, पण त्यावर निर्णय होत नाही, कारण गोष्ट दोन्हीकडे आहे. बघायचं ते एवढंच, की गोष्ट पुढे सरकते तेव्हा तुमची बोटं काय करत असतात.

दोन्हींत बाप-लेकीची एकेक गोष्ट आहे, तीच शेजारी शेजारी ठेवू. थोडा सस्पेन्स फुटेल, इलाज नाही.

'विचर ३' (२०१५, पोलंडची सीडी प्रोजेक्ट रेड) मध्ये तुम्ही गेराल्ट असता, पैसे घेऊन राक्षस मारणारा. मुलीसारखी वाढवलेल्या सिरीला शोधत तो व्हेलेन नावाच्या प्रदेशात येतो. तिथला बॅरन म्हणतो, आधी माझी बायको-मुलगी शोध, मग सिरीचं सांगतो. खणत गेलं की कळतं, हा दारू पिऊन बायकोवर हात उचलायचा. अशाच एका रात्री तिचा गर्भ गेला, आणि नाव न ठेवता पुरलेलं ते अर्भक आता पिशाच्च होऊन हिंडतंय. तुम्ही त्याला सरळ मारू शकता. नाहीतर बॅरनलाच ते उचलून घराकडे न्यायला लावायचं. तो अंधारातून चालतोय, हातातलं ते वळवळतंय, तुम्ही वाटेत अंगावर येणारी भुतं तलवारीने हटवताय आणि मधूनच ॲक्सीचा मंत्र टाकून त्याला गप्प करताय. शेवटी बाप त्याला उंबऱ्याखाली पुरतो आणि नाव देतो. तलवार, मंत्र, अपराध, सगळं एकाच वाटेवर. आरपीजीत (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये) याहून नेटकी सांगड मी फारशी पाहिलेली नाही.

पण सगळा विचर असा नाही. बराचसा गेम म्हणजे आधी संवाद, मग बटण दाबून धरून लाल ठशांच्या मागे चालणं, मग मारामारी, मग पुन्हा संवाद. डॉज करा (वार चुकवा), दोन वार करा, क्वेन या मंत्राची ढाल चढवा, पुन्हा तेच. शिवाय सिरीच्या मागे यमदूत लागलेत आणि आपण खानावळीत ग्वेंटचे पत्ते खेळत बसलोय, हा विनोद गेमला कधीच सोडवता आलेला नाही. सगळ्या साइड क्वेस्ट (मुख्य गोष्टीबाहेरची कामं) उरकत बसलात तर तुमची लेव्हल मुख्य क्वेस्टच्या लेव्हलपेक्षा सहाने पुढे जाते आणि मग तिथे एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, नावापुरताच मिळतो.

'एल्डन रिंग' (२०२२, जपानची फ्रॉमसॉफ्टवेअर) मध्ये वीपिंग पेनिन्सुलाच्या रस्त्याकडेला डोळ्यांवर पट्टी बांधलेली आयरिना बसलेली असते. कॅसल मॉर्नमध्ये नोकरांनी बंड केलंय, ती निसटलीय, किल्लेदार बापाला चिठ्ठी द्या म्हणते. बाप एडगर भेटतो, पण किल्ला सोडत नाही. तुम्ही मरत मरत किल्ल्याच्या टोकाचा बॉस (मोठा शत्रू) पाडता, तेव्हा कुठे तो निघतो. तुम्ही परतता तेव्हा ती मेलेली असते आणि बाप शेजारी बसलेला. कटसीन (मधला चित्रपटासारखा प्रसंग) नाही, पर्याय नाही, जर्नलमध्ये (कामांच्या नोंदवहीत) नोंद नाही, कारण जर्नलच नाही. आणि गंमत म्हणजे हा अख्खा भाग न बघताही गेम संपतो. इथे गोष्ट तुम्हाला शोधत येत नाही. ती वस्तूंच्या वर्णनांत आणि कोण कुठे मरून पडलंय त्यात पेरलेली असते.

आता व्यवहाराचं. रात्री तासभर खेळणार आणि मधे आठवडा जाणार असेल, तर विचर. जर्नल उघडलं की कुठे होतो ते कळतं. एल्डन रिंगमध्ये कोणी काय सांगितलं होतं ते तुम्हीच वहीत लिहायचं. शिवाय पॉझ नाही: दाराची बेल वाजली की मेलात. मेलात की रून्स (लेव्हल वाढवायला आणि खरेदीला लागणारं चलन) जागेवर पडतात, आणि ते उचलायच्या आत पुन्हा मेलात की गेले. डिफिकल्टीची सेटिंगही नाही. सोपं करायचं म्हणजे दुसरीकडे फिरून यायचं, लेव्हल वाढवायची, स्पिरिट ॲशेस (मदतीला बोलावता येणारे आत्मे) वापरायचे. ज्याला हरण्याचा राग येतो पण कंटाळा येत नाही, त्याला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये ही मजा सहज सापडायची नाही.

विचर घेतलात तर गोष्टीसाठीच घेतलाय म्हणून सर्वांत सोप्या डिफिकल्टीवर खेळू नका. तिथे काढे, तेलं, राक्षसांची माहिती, कशाचीच गरज पडत नाही आणि गेराल्ट राक्षस मारणारा धंदेवाईक न राहता तलवार फिरवणारा कोणीही होतो. चारपैकी तिसरी निवडा. अंगावर काय येणार ते आधी वाचायला लागलात की गोष्टही जास्त खरी वाटते.

मारामारीच नको असेल तर दोन्ही सोडा आणि 'डिस्को एलिसियम' घ्या, पण त्यात इंग्रजी वाचन प्रचंड आहे. गोष्ट आणि मारामारी दोन्ही हवं आणि घाई नसेल तर 'बाल्डर्स गेट ३'.

एक हिशेब मात्र ध्यानात ठेवा. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. एल्डन रिंग आवडणार की नाही हे तेवढ्यात कळतं: बाहेर पडताच घोड्यावरचा सोनेरी ट्री सेंटिनेल हा शत्रू तुम्हाला आडवा करतो. विचरमध्ये दोन तासांत तुम्ही जेमतेम सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्ड भागातच असता, बॅरन अजून लांब आहे.