छतावर उतरणारं टपाल आणि आठ मिलिमीटरचं रीळ: भिंतीवरून टिपावं की फ्रेमगणिक स्कॅन करून घ्यावं?

शेजारच्या आजींनी ते रीळ माझ्या हातात ठेवलं तेव्हा डब्यावर पेन्सिलीने ‘छत, जुलै’ इतकंच लिहिलेलं होतं. आजींचे वडील फिलाडेल्फियाच्या टपाल खात्यात होते. ६ जुलै १९३९ पासून पुढे वर्षभर तिथल्या थर्टिएथ स्ट्रीटवरच्या मोठ्या पोस्टाच्या छतावरून ऑटोजायरोने, म्हणजे डोक्यावर फिरती पाती (रोटर) असलेल्या, हेलिकॉप्टरसारख्या दिसणाऱ्या विमानाने टपाल जात होतं. स्कुलकिल नदीच्या काठावरून उडायचं, डेलावेअर नदी ओलांडून कॅमडेनच्या विमानतळावर उतरायचं आणि तिथे थैल्या मोठ्या विमानांच्या हवाली करायच्या. कंत्राट ईस्टर्न एअर लाइन्सचं, यंत्र केलेट केडी-१बी, वैमानिक जॉन मिलर. आजींच्या वडिलांनी घरच्या कॅमेऱ्यावर हे टिपून ठेवलं होतं आणि ते रीळ इतकी वर्षं कपाटात पडून होतं.

ते संगणकावर कसं आणायचं, हा प्रश्न मला पडला तसा तुमच्यापैकीही काही जणांना पडलेला असणार. आजोबांच्या कपाटात लग्नाचं, मुंजीचं, नव्या गाडीचं रीळ निघालं की दोनच वाटा समोर येतात. एक, प्रोजेक्टरवर चालवून भिंतीवर पाडायचं आणि समोर कॅमेरा लावून टिपायचं. दुसरी, स्कॅन करणाऱ्यांकडे देऊन एकेक फ्रेम वेगळी उतरवून घ्यायची. मी दोन्ही करून पाहिलं, तेही याच रिळावर.

भिंतीचा मार्ग आधी घेतला, कारण प्रोजेक्टर ओळखीच्यांकडे होता आणि आजींना ते लगेच बघायचं होतं. या पद्धतीचं जे सुख आहे ते मी कमी लेखणार नाही. खोलीत अंधार, यंत्राची खडखड, दिव्याच्या उजेडात तरंगणारी धूळ आणि बाजूला बसून आजी सांगतायत: हे आमचे काका, हा वडिलांचा साहेब, इथे मला उचलून घेतलं होतं. कॅमेऱ्याने चित्राबरोबर त्यांचा आवाजही टिपला. असं काही स्कॅनिंगमध्ये मिळत नाही. खर्च जवळजवळ शून्य, आणि रीळ घराबाहेर जात नाही. पोस्टाने पाठवायला मन धजत नसेल तर ही बाजू मोठी आहे.

तोटेही आहेत. चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, मध्यभाग उजळ आणि कोपरे मळकट येतात. फिल्म आकसलेली असेल तर प्रोजेक्टरचा दात छिद्रं फाडू शकतो, आणि मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती फ्रेम भाजून जाते. आमच्या नशिबाने तसं झालं नाही. या सगळ्याशी मी जमवून घेतलं असतं.

जमवून घेता आलं नाही ते वेगाशी.

त्या काळचे घरगुती कॅमेरे साधारण सेकंदाला १६ फ्रेम टिपायचे. १६ च्या गतीने प्रोजेक्टर चालवला आणि समोर सेकंदाला ३० चित्रं घेणारा कॅमेरा ठेवला की पडदा लुकलुकायला लागतो, कारण प्रोजेक्टरची तीन पात्यांची झडप (शटर) सेकंदाला ४८ वेळा उजेड पाडते आणि कॅमेऱ्याचा ताल तिच्याशी जुळत नाही. उपाय जुना आहे: प्रोजेक्टर २० वर न्यायचा. वीस त्रिक साठ, म्हणजे कॅमेऱ्याच्या तिसाच्या बरोबर दुप्पट, आणि लुकलुक थांबते. मीही तेच केलं. चित्र स्थिर झालं, मला आनंद झाला, आणि आजी म्हणाल्या, “इतक्या घाईने नव्हतं रे उतरत ते.”

सोळाचं वीस म्हणजे सव्वापट वेग. लग्नाच्या रिळात कदाचित चालूनही जाईल; माणसं जरा लगबगीने चालताना दिसतील, इतकंच. पण ऑटोजायरोचं सगळं मोल त्याच्या सावकाशीत आहे. वरचा रोटर उडताना इंजिनावर फिरत नाही. इंजिन फक्त पुढचा पंखा फिरवतं आणि रोटर वाऱ्यावर आपसूक फिरत राहतो. माधवीलतेचं तीन पंखांचं बी भिरभिरत खाली येताना पाहिलं असेल, तर तेच तत्त्व, आणि केडी-१बीलाही तीनच पाती होती. बाजूला पंख नावाची वस्तूच नाही. स्पॅनिश अभियंता हुआन दे ला सिएर्वाचा पहिला यशस्वी ऑटोजायरो १९२३ साली माद्रिदजवळ उडाला तो याच ध्यासातून, की वेग कमी झाला म्हणून यंत्र आकाशातून कोसळू नये. इमारतीच्या कडेवरून उसळणाऱ्या वाऱ्यात, चारी बाजूंनी संपणाऱ्या छतावर टपाल उतरवायचं धाडस त्या सावकाशीच्या भरवशावरच केलं गेलं. आणि माझ्या व्हिडिओत ते यंत्र घार झडप घालते तसं खाली येत होतं.

संगणकावर वेग कमी करून बघितला. गती उतरली, पण वीसचं सोळा करताना संगणकाने मधली चित्रं स्वतःच रचली, शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळून. यंत्र छताला टेकल्यावर रोटर मंदावतो आणि एकेक पातं वेगळं दिसायला लागतं. नेमकं तिथे थांबवलं तर तीनऐवजी सहा पाती, त्यातली तीन भुतासारखी फिकट. सहा पात्यांचं हे यंत्र फिलाडेल्फियाच्या छतावर कधी उतरलंच नव्हतं. तिथे माझं मन भिंतीवरून उठलं.

मग रीळ स्कॅनिंगला दिलं. पाच आठवडे लागले आणि पैसे इतके, की घरी दोनदा विचार करावा लागला. आल्यावर पहिली निराशाच पदरी पडली: त्यांनी फाइल २४ च्या गतीने जोडून दिली होती, म्हणजे दीडपट वेग. पण इथेच दोन पद्धतींतला फरक मला पटला. प्रत्येक फ्रेम सुटी असल्याने गती बदलायला एक आकडा बदलणं पुरलं, चित्राला धक्का लागला नाही. आठ मिलिमीटरच्या पन्नास फुटांत ४००० फ्रेम असतात. १६ ने चालवल्या की चार मिनिटं दहा सेकंद. उतरण्याचा प्रसंग ३२० फ्रेमचा निघाला: स्कॅनमध्ये पूर्ण वीस सेकंद, भिंतीवर तो सोळातच संपला होता.

चावीचे कॅमेरे अगदी सोळालाच चालत असं नाही, म्हणून मी १४, १६ आणि १८ अशा तिन्ही गतींनी पाहिलं. छताच्या कडेला एक माणूस टोपी डोक्यावर दाबून धरत चालत जातो. १४ ला तो पाण्यातून चालल्यासारखा वाटतो, १८ ला गाडी पकडायला निघाल्यासारखा. १६ ला माणसासारखा चालतो. मला तेवढं पुरलं.

रोटर मंदावताना क्षणभर उलटा फिरल्यासारखा दिसतो आणि मग सुलटा होतो, तो मात्र स्कॅनिंगचा दोष समजू नका. तीन पाती, सोळा फ्रेम. मिनिटाला १६० फेऱ्यांच्या वर गती असली की डोळ्याला दिशा उलटी भासते. ते १९३९ सालीच फिल्मवर उमटलेलं आहे आणि मी ते तसंच ठेवलं.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडे टीव्हीची रीतच सेकंदाला २५ चित्रांची; कॅमेरा त्यावर लावला तर प्रोजेक्टर साधारण पावणेसतरावर ठेवून लुकलुक थांबते, आणि सोळाशी तफावत चार-पाच टक्केच राहते. म्हणजे माझी मुख्य तक्रार तिथे बरीच सौम्य होईल. फोन आपोआप तीसवर असतो, तेवढं आधी बदलून घ्या. रिळात हळदीचा समारंभ किंवा अंगणातली मुलं असतील आणि बाजूला बसून नावं सांगणारं कुणी अजून हयात असेल, तर भिंतीवरूनच सुरुवात करा असं मीही म्हणेन. मात्र डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, तर प्रोजेक्टरला हातच लावू नका. किनारपट्टीच्या दमट उष्णतेत फिल्म लवकर कुजते आणि आकसते; अशा फिल्मसाठी दातांऐवजी रबरी रुळांवर चालणारं स्कॅनर असणारं ठिकाण शोधा. आणि ज्या रिळात काहीतरी फिरतंय, उडतंय, ज्याची गती हाच त्याचा जीव आहे, त्यासाठी माझं माप स्कॅनिंगच्याच पारड्यात पडेल. देताना दोन गोष्टी कागदावर लिहून द्या: फ्रेम सुट्या हव्यात, आणि गती बदलायची नाही.

जॉन मिलर चार वर्षांचा असताना, १९१० साली, न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला ग्लेन कर्टिस या सुरुवातीच्या काळातल्या अमेरिकन वैमानिकाचं विमान उतरलेलं पाहून त्याने वैमानिक व्हायचं ठरवलं, आणि तो २००८ पर्यंत, वयाच्या १०२ व्या वर्षापर्यंत जगला. आमच्या रिळात त्याचा चेहरा ओळखू येत नाही. थैली आत सरकवली जाते, एक हात बाहेर येऊन झाकण ओढतो, एवढंच.

आजींचा आवाज मी भिंतीवरच्या रेकॉर्डिंगमधून काढून स्कॅनखाली लावला, मागे प्रोजेक्टरची खडखड आहे तशीच ठेवून. “उतरलं बघ” हे त्यांचं वाक्य चाक टेकतं तिथे आणून जुळवलं, बाकीची नावंही जिथल्या तिथे बसवली. भिंतीवर सगळं पन्नास सेकंद लवकर संपलं होतं, त्यामुळे बोलण्याच्या मध्ये मोकळ्या जागा पडल्या आहेत. सगळ्यात मोठी जागा शेवटी आहे: यंत्र छत सोडून नदीकडे वळतं आणि फिल्म पांढरी होईपर्यंत कुणीच काही बोलत नाही.