दुबईतला बर्फ आणि अर्ध्या किमतीचं स्की तिकीट

दुबईच्या उन्हातून थेट बर्फात जायचं म्हणून निघालेले पर्यटक फसतात, तेव्हा बऱ्याच जणांच्या हातातलं तिकीट खोटं नसतं. तिकीट खरं असतं, पण भलत्याच गोष्टीचं. त्यामुळे गेटवर भांडूनही काही होत नाही. समोरचा कर्मचारी जे स्कॅन झालं तेच देणार.

मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई २००५ पासून चालू आहे. बर्फाखालची जागा सुमारे २२,५०० चौरस मीटर, पाच उतार, त्यातला सर्वांत लांब ४०० मीटरचा. पण या छताखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. खाली स्नो पार्क आहे: ट्यूबमधून घसरणं, स्लेज, बर्फाची गुहा, लहान मुलांची धमाल. वर चेअरलिफ्टने जायचा स्कीचा उतार. दोन्हींची तिकिटं वेगळी, पेंग्विनला जवळून भेटायचं तर तेही वेगळं आणि त्याला ठरावीक वेळ. मधला विक्रेता जाहिरातीत फोटो लावतो उतारावरून झेपावणाऱ्या स्कीअरचा, खाली लिहितो ‘स्नो एंट्री, ऑल इन्क्लुझिव्ह’, आणि विकतो स्नो पार्क. गेटवर कळतं की वर जायला फरकाची रक्कम भरायची. ती काउंटरच्या दराने लागते, म्हणून ‘स्वस्तातलं’ तिकीट शेवटी थेट घेतलेल्या तिकिटापेक्षा महाग पडतं. विक्रेता अर्थातच फोन उचलत नाही.

याच्या उलटा प्रकार जास्त वाईट. कधीच स्की न केलेल्या माणसाला उताराचा पास विकतात. हा पास ज्याला स्वतःहून वळता, थांबता आणि लिफ्ट वापरता येते त्याच्यासाठी असतो. नवशिक्याला आधी धडा घ्यावा लागतो. आधी सपाटीवर एकाच पायाला स्की, म्हणजे घसरायची लांब पट्टी, लावून चालणं, मग दोन्ही पायांना, मग पुढची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग कमी करणं, मग छोट्या उतारावर थांबणं. ‘तासाभरात शिका आणि वरून खाली या’ असं कोणी सांगत असेल तर त्याला गिऱ्हाईक हवंय, शिकवायचं नाही. पहिल्या धड्यानंतर सगळेच वर जाण्याइतके तयार होत नाहीत, आणि ज्याला थांबता येत नाही त्याला वर न सोडणं हा आडमुठेपणा नव्हे. असा माणूस दुसऱ्याच्या अंगावर जाऊन आदळतो.

इथेच बाहेरचे ‘गाइड’ सल्ला देतात: फॉर्मवर सरळ ‘अनुभवी’ लिहा, धड्याचे पैसे वाचतील. हा सल्ला पायावर बेततो. स्कीला बूट जोडणाऱ्या बाइंडिंगवर एक आकडा असतो. किती जोर पडल्यावर बूट सुटायचा, ते तो आकडा ठरवतो. भाड्याच्या काउंटरवर तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि तुमचं कौशल्य पाहून लावतात. ‘अनुभवी’ म्हटलं की आकडा वर जातो. मग नवशिका वाकडा पडला तरी स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्याला बसतो. वजन लाजून कमी सांगितलं तर उलट होतं, साध्या वळणावरच स्की निसटते. फॉर्म खरा भरा, आणि बूट घालताना एकच पातळ लांब मोजा घाला. दोन जाड मोजे घातले की बूट दाबतो, रक्त कमी पोचतं आणि पाय जास्त गारठतात.

कपड्यांचं म्हणाल तर जॅकेट, पँट आणि बूट तिकिटासोबत मिळतात. त्यामुळे आधीच ‘थर्मल किट’ माथी मारणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. ग्लोव्ह्ज आणि टोपी त्यात धरली आहे की नाही, एवढं तिकिटावर वाचून घ्या. आत तापमान शून्याखाली एक-दोन अंश असतं, आपला एक स्वेटर पुरतो.

आणखी एक चलाखी म्हणजे रहिवाशांच्या दराचं तिकीट पर्यटकाला विकणं. यूएईमध्ये बऱ्याच ठिकाणी रहिवाशांना सवलत असते आणि प्रवेशाला एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या रहिवाशांचं सरकारी ओळखपत्र, मागतात. तुमच्याकडे पासपोर्ट आहे, आयडी नाही. पुन्हा फरक भरा. दर संशयास्पद कमी दिसला तर ‘हा रेसिडेंट रेट आहे का’ हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर टाळलं की समजून जा.

क्यूआर कोडचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला तर तो आणखी कितीजणांना गेलाय हे कळायला मार्ग नाही. कोड पहिल्यांदा स्कॅन होतो त्याचाच प्रवेश. सकाळी दहाला कोणीतरी आत जातो, दुपारी तुम्ही पोचता आणि मशीन लाल होतं. काही कोड चोरीच्या कार्डावर घेतलेले असतात. खऱ्या कार्डमालकाने तक्रार केली की तिकीट रद्द होऊ शकतं. यावर उपाय सोपा आहे: बुकिंग तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर करायला सांगा आणि ते ठिकाण चालवणाऱ्या कंपनीकडून थेट आलेला मेल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉरवर्ड केलेला स्क्रीनशॉट चालणार नाही.

बनावट संकेतस्थळाची गोष्ट वेगळी. तिथे तिकीट नसतंच, तिथे तुमचं कार्ड हवं असतं. पानावर १८५ दिरहम दिसतात, ओटीपीच्या संदेशात १,८५०. पान फसवणाऱ्याचं असतं, त्यावर तो काहीही छापू शकतो. संदेश मात्र बँकेचा असतो आणि बहुतेक बँका त्यात खरी मागितलेली रक्कम आणि दुकानदाराचं नाव लिहितात. घाईत आपण फक्त सहा आकडे बघतो. आधी रक्कम, मग चलन, मग नाव, शेवटी ओटीपी, हा क्रम ठेवा. प्रत्यक्ष कार्ड मशीनवरही दिरहम की तुमच्या देशाचं चलन असं विचारलं तर दिरहम निवडा, नाहीतर रूपांतराचा जादा दर गुपचूप लागतो.

‘डेझर्ट स्की सफारी’ म्हणून वाळवंटातल्या स्कीचे फोटो दाखवतात, तेव्हा नक्की काय मिळणार ते विचारा. बर्फावर घर्षणाने पाण्याचा बारीक थर तयार होतो, म्हणून स्की घसरते. वाळू वितळत नाही. तिथे तळाला मेण घासावं लागतं, उतार तीसएक अंशांचा लागतो, आणि सुकी वाळू साधारण ३४ अंशांहून जास्त उभी राहतच नाही. वाळूवर घसरायचा खरा बोर्ड, म्हणजे सँडबोर्ड, बर्फाच्या बोर्डापेक्षा कडक तळाचा असतो. स्वस्त सफारीत कॅम्पजवळ एखादा बोर्ड सगळ्यांमध्ये फिरतो आणि दोन-तीन फेऱ्यांत खेळ आटोपतो. बोर्ड किती, वेळ किती मिनिटं, मेण कोण लावणार, एवढं आधी लिहून घ्या. अबुधाबीच्या रीम मॉलमधलं स्नो अबुधाबी २०२३ मध्ये सुरू झालं, छान आहे, पण तो खेळांचा पार्क आहे. स्कीचे फोटो दाखवून त्याचं तिकीट विकत असतील तर तिथेही हाच घोळ.

पैसे गेलेच तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, मग वादग्रस्त व्यवहाराची तक्रार नोंदवा. कार्डाने दिलेले पैसे परत मिळण्याची शक्यता असते, रोख किंवा थेट खात्यात पाठवलेल्यांची फार कमी. दुबई पोलिसांचा तातडीचा नसलेल्या कामांसाठीचा क्रमांक ९०१ आहे, आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी त्यांची ई-क्राइम सेवा. तक्रारीला जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, पावती आणि ओटीपीचा संदेश जोडा. गेटवर तिकीट नाकारलं तर तिथूनच निघून जाऊ नका. काउंटरवर कोड आधी किती वाजता वापरला गेला, किंवा तिकीट कशाचं निघालं, ते ईमेलने लिहून मागा. बँक सगळ्यात आधी तेच विचारते.