दोन जॉची ट्रॅव्हलिंग स्टेडी: जशी मिळते तशी लावू नका

लहान लेथसोबत येणारी आणि बहुधा कपाटातच पडून राहणारी ॲक्सेसरी म्हणजे ट्रॅव्हलिंग स्टेडी, लांब बारीक बार कापताना तो वाकू नये म्हणून टूलबरोबर सरकणारा आधार. बिडाची ओतीव कमान, पितळी टोकांचे दोन जॉ (बारला टेकणारे दांडे) आणि सॅडलवर (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागावर) बसवायला दोन बोल्ट, एवढाच तिचा कारभार. वस्तू म्हणून पाचापैकी तीन गुण. तासभर फाइल चालवून नीट बसवली तर साडेचार.

तिची गरज किती ते हिशेबानेच कळतं. १२ मिमीचा एम.एस. (माइल्ड स्टील) बार दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांना आधार देणाऱ्या अणकुच्यांमध्ये) ४०० मिमी लांब धरला आणि टूलने त्याला ५० न्यूटनने, म्हणजे साधारण पाच किलोच्या जोराने मागे रेटलं, तर मधोमध तो ०.३३ मिमी वाकतो. व्यासात फरक त्याच्या दुप्पट. कट कमी होताच जोरही घटतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा जरा खाली येतो, पण बारला पोट राहतंच. एक टोक चकमध्ये (बार पकडून फिरवणाऱ्या पकडीत) घट्ट धरलं तर वाक ०.१४ मिमीवर येतो. लांबी दुप्पट केली की वाक आठपट, व्यास निम्मा केला की सोळापट. लांबी व्यासाच्या दहा-बारापटीच्या पुढे गेली की नुसत्या टेलस्टॉकवर (बारच्या दुसऱ्या टोकाला सेंटरने आधार देणाऱ्या भागावर) भागत नाही.

टूल जॉबला (कापायच्या बारला) मागे आणि वर ढकलतं, म्हणून एक जॉ पाठीमागे आणि एक वर. पुढे तिसरा नसतो, कारण ती बाजू टूलच सांभाळतं. मागचा जॉ आणि टूलचं टोक यांतलं अंतर हाच जॉबचा व्यास, आणि हे अंतर सॅडलबरोबर तसंच पुढे सरकतं. त्यामुळे ही स्टेडी काही दुरुस्त करत नाही. सुरुवातीच्या २० मिमीत जे केलं असेल त्याचीच नक्कल ती शेवटपर्यंत करते. टेलस्टॉक बाजूला सरकलेला असेल तर लवचिक मधल्या भागात ते खपून जातं. टोकांशी जॉब ताठ असतो, तिथे जॉ एकतर घासतो नाहीतर सुटतो. म्हणून टेलस्टॉक आधी सेंटरला आणून घ्यावा.

आता वस्तूकडे. पहिला दोष बैठकीचा. तळ बहुधा जेमतेम मशीन केलेला असतो आणि रंगाचे ओघळ तसेच असतात. रंग खरवडून मार्किंग ब्ल्यू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून बघा. चारही कोपरे टेकत नसतील तर फाइल किंवा शिम (पातळ पत्र्याची पट्टी), दुसरा इलाज नाही. दुसरा आणि जास्त त्रासदायक दोष लॉक स्क्रूचा. जॉ त्याच्या खाचेत सैल असतो, त्यामुळे लॉक आवळताना तो सरकतो. चकमध्ये ग्राइंड केलेला बार धरा, त्याच्या पुढच्या बाजूला डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावा, जॉ टेकवा आणि लॉक आवळा. काटा ०.०१ मिमीपेक्षा जास्त हलला तर त्या स्टेडीकडून चांगल्या कामाची अपेक्षा नको. लॉक स्क्रूखाली पितळेचा छोटा तुकडा घालून आणि जॉवर त्या जागी सपाट फाइल मारून बहुतेक नग सुधारतात. तिसरं म्हणजे टोकांची रुंदी. दोन्ही जॉ एकाच पातळीत काटकोनात येतात, त्यामुळे १० मिमी रुंद टोकं १० मिमीखालच्या जॉबवर एकमेकांना अडतात. कोपरे ४५ अंशात उतरवून टाका.

लावण्याचा क्रम. टेलस्टॉकच्या टोकाशी १५ ते २० मिमी लांबी हव्या त्या व्यासाला टर्न करा. तिथे जॉब सेंटरला चिकटून असल्याने वाकत नाही. टूल पूर्ण कटवर ठेवूनच सॅडल मागे घ्या, जॉ त्या टर्न केलेल्या भागावर, टूलच्या २-३ मिमी मागे, म्हणजे टेलस्टॉकच्या बाजूला हवेत. आधी मागचा जॉ डायलचा काटा जेमतेम हलेपर्यंत आणा, तसूभर मागे घ्या, लॉक करा. मग वरचा. दाट तेल लावून फीड (टूलची आपोआप सरक) सुरू.

इथेच सगळ्यात जास्त जॉब वाया जातात. मागचा जॉ किंचित जास्त रेटला की जॉब टूलकडे सरकतो आणि टूल खोल कापतं. तो बारीक झालेला भाग जॉपाशी आला की जॉ सुटतो, जॉब मागे जातो, व्यास वाढतो. तो जाड भाग जॉपाशी आला की पुन्हा रेटा. बार बाहेर काढून बघाल तर उसासारखी पेरं पडलेली असतात. याला टूल किंवा मशीनला दोष देऊन उपयोग नाही. जॉ सैल करून पुन्हा सुरुवात करायची.

प्रत्येक कटला व्यास बदलतो, म्हणून प्रत्येक कटला जॉ नव्याने लावावे लागतात. एकाच कटमध्ये काम संपवणं शहाणपणाचं. ०.०५ मिमीचे नाजूक कट घेत बसलात तर टूल कापण्याऐवजी घासतं आणि रेटा उलट वाढतो. टूलला ९० अंशी ॲप्रोच (धार जॉबला काटकोनात), ०.२ मिमी नोज रेडियस (टोकाची गोलाई), धारदार पॉझिटिव्ह रेक (वरचा भाग धारेपासून मागे उतरता). ०.८ मिमी नोजचं इन्सर्ट (बदलता येणारं कापणारं टोक) अशा जॉबवर लावणं म्हणजे चॅटरला (थरथरीला) आमंत्रण. १२ चा बार १० ला आणताना एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलवर ७०० ते ८०० आरपीएम, फीड ०.१ मिमी प्रति फेरा. ४०० मिमीला पाच-सहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात बार तापतो. ३० अंश तापमान वाढलं तर तो ०.१४ मिमी लांबतो. घट्ट सेंटर त्याला जागा देत नाही, मग तो कमानीसारखा वाकतो. मधेच टेलस्टॉक किंचित सैल करा, किंवा स्प्रिंगवालं रिव्हॉल्व्हिंग (जॉबबरोबर फिरणारं) सेंटर वापरा.

पितळी टोकांऐवजी बेअरिंग बसवण्याची टूम बरीच चालते. लांब कामात टोकांची झीज टळते, वेगही वाढवता येतो. पण ६०८ बेअरिंग २२ मिमी व्यासाचं. दोन बेअरिंग एकाच पातळीत काटकोनात ठेवली तर साधारण ९ मिमीखालच्या जॉबवर ती एकमेकांवरच आपटतात. शिवाय पितळेसमोरची चिप (कापलेल्या धातूचा कीस) बऱ्याचदा बाजूला ढकलली जाते, रोलर मात्र तिला जॉबमध्ये दाबून बसवतो. बेअरिंग लावणार असाल तर पुढे फेल्टचा पुसणी-तुकडा हवाच. कॅप्स्टन लेथच्या रोलर बॉक्समध्ये (टूल आणि आधाराचे रोलर एकत्र असलेल्या धारकात) हेच रोलर पृष्ठभाग चकचकीत करून देतात, पण तिथला रोलर कडक आणि ग्राइंड केलेला असतो. त्या फिनिशची अपेक्षा साध्या बेअरिंगकडून करू नये. बारीक कामाला मी गनमेटलची टोकंच सुचवेन.

षटकोनी बार, की-वे (चावीची खाच) असलेला शाफ्ट किंवा पायऱ्यांचा जॉब यांना ही स्टेडी चालत नाही. लांब बारच्या टोकाला फेसिंग (तोंड सपाट करणं), बोअरिंग (आतून भोक मोठं करणं) करायचं तर बेडवर बसणारी फिक्स्ड स्टेडीच लागते. आणि चकजवळचे शेवटचे काही सेंटिमीटर सॅडल आणि कमान आडवी आल्याने हिच्या आवाक्यात येत नाहीत. तेवढा बार आधीच जास्त घ्यावा आणि शेवटी कापून टाकावा.