कूलरच्या गावात सॅमसन क्यू-टू-यू: नव्या व्हॉइस आर्टिस्टने घ्यावा का?

व्हॉइस ओव्हर शिकणाऱ्याची पहिली खरेदी बहुधा चुकते. आर्म, पॉप फिल्टर, काळा स्पंज असा सगळा थाट असलेला, बारीकसारीक आवाजही टिपणारा यूएसबी कंडेन्सर माइक घरी येतो आणि पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. नागपुरात उन्हाळाभर कूलर आणि बाकीचं वर्ष पंखा असतो, त्यामुळे ही चूक जास्तच महागात पडते. सॅमसनचा क्यू-टू-यू (Q2U) हा माइक दिसायला ऑर्केस्ट्रातल्या गायकाच्या हातातल्या माइकसारखा, अगदीच साधा. पण पहिल्या डेमोसाठी, म्हणजे काम मागताना ऐकवायच्या नमुन्यासाठी, तोच घ्यावा.

हा डायनॅमिक माइक आहे, म्हणजे कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील. डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज 'गाळतो' असं विकणारे सांगतात, त्यात तथ्य नाही. खरं कारण अंतराचं आहे. या माइकला तोंड अगदी जवळ न्यावं लागतं, आणि अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. २० सेंटिमीटरवरून ५ वर आलात तर १२ डेसिबल तुमच्या पदरात. पंख्याची घरघर मात्र होती तिथेच. कंडेन्सरही इतक्या जवळून वापरता येतो, पण तो तोंडाची चपचप आणि प-फ-भ चे फटके फार स्पष्ट टिपतो.

जागा लावण्यात बहुतेकांचं उलटं होतं. क्यू-टू-यू कार्डिऑइड आहे, म्हणजे त्याच्या शेपटीच्या बाजूचं त्याला सर्वांत कमी ऐकू येतं. तेव्हा खिडकी किंवा रस्त्याकडची भिंत माइकच्या शेपटीकडे येऊ द्या. आणि रजई माइकमागे नव्हे, तुमच्या पाठीमागे टांगा, कारण माइकचं तोंड तिकडे असतं. कापसाची जाड रजई महागड्या पातळ फोमपेक्षा चांगलं काम करते. माइक तोंडासमोर सरळ धरू नका. चार बोटं अंतर ठेवून ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका लावा, म्हणजे 'फुलपाखरू' म्हणताना फुंकर थेट आत जाणार नाही. सोबत येणारी स्पंजची टोपी चढवलेलीच असू द्या.

सोबतचा तिपाई स्टँड मात्र निरुपयोगी. एक तर बुटका, त्यामुळे मान खाली जाते आणि आवाज घशात अडकतो. शिवाय टेबलाची थरथर सरळ माइकमध्ये जाते. जमिनीवर उभा राहणारा स्टँड वेगळा घ्या आणि उभ्यानेच वाचा. दांड्यावरचं बटण रेकॉर्डिंग चालू असताना दाबू नका, खट्कन आवाज येतो.

दुसरी उणीव गेनची, म्हणजे आवाज वाढवण्याच्या क्षमतेची. यूएसबीवर आवाज बारीक येतो, म्हणून संगणकाची इनपुट पातळी बरीच वर न्यावी लागते, आणि मग कुजबुजत्या वाचनामागे 'स्स्स' ऐकू येतं. जाहिरात, माहितीपट, कार्टूनमधली पात्रं यांना काही अडचण नाही; हळुवार गोष्टी सांगणाऱ्यांनी मात्र विचार करावा. टिपता येणाऱ्या उंच स्वरांची मर्यादा १५ किलोहर्ट्झ, म्हणजे कंडेन्सरची झळाळी नाही. माणसाच्या बोलण्याला तेवढं पुरतं.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनो (एकच चॅनल), ४४,१०० हर्ट्झ ठेवा. सर्वांत मोठ्या आवाजातल्या वाक्याला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान खेळला पाहिजे. जवळून बोलल्याने खर्ज फुगतो, तो ८० हर्ट्झच्या हाय-पास (खालचे स्वर कापणाऱ्या) फिल्टरने उतरवा. मग दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा आणि 'कॉन्ट्रास्ट' या साधनाने त्या शांततेची पातळी बघा. ऑडिओबुकसाठी एसीएक्स या ऑडिबलच्या संकेतस्थळाची अट उणे ६० डेसिबलपेक्षा शांत पार्श्वभूमीची आहे. तीच आपली फूटपट्टी. कूलर चालू असताना ती गाठायची आशा सोडा. पंप आणि पंखा मिळून सगळ्या पट्टीभर खरखर करतात, आणि नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणारं साधन) जास्त दिलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ६ ते ९ डेसिबलच्या पुढे जाऊ नये. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पहाटे पाचला उठणं हाच खरा फिल्टर. बारीक गुणगुण राहिलीच तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा दोष अर्थिंगचा निघतो.

सर्वांत कामाची सोय म्हणजे माइकलाच असलेलं हेडफोनचं भोक. आपला आवाज त्याच क्षणी कानात येतो, आणि 'पाणी'चं 'पानी', 'डोळा'चं 'डोया' कुठे होतंय ते लगेच पकडता येतं. वऱ्हाडी पुसून टाकू नका, पात्रांसाठी ती भांडवल आहे. पण प्रमाण मराठी वाचनात ण आणि ळ खणखणीत हवेत. १९४८ पासून चालणाऱ्या आकाशवाणी नागपूर केंद्रात कधी स्वरचाचणीला बसायचं असेल, तर तिथे तुमचा माइक कामी येणार नाही, हे ण आणि ळ येतील.

पुढे कामं मिळू लागली की माइक बदलायची घाई नको. यालाच एक्सएलआर (स्टुडिओतल्या उपकरणांची) जोडणी आहे; माइक संगणकाला जोडणारा चांगला ऑडिओ इंटरफेस घेतला की गेनची तक्रार बरीचशी मिटते. आधी मात्र स्टँड, बंद कानांचा हेडफोन आणि रजई.