ब्रुकलँड्स म्युझियम, वेब्रिज : हाताला ग्रीस लागलेल्या माणसाने चुकवू नये

लंडनला मुलांकडे आलेली आपली माणसं बकिंगहॅम पॅलेस, लंडन आय आणि मादाम तुसाँ पाहून परततात. पाहावं, पाहू नये असं मी म्हणत नाही. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी गाडीचं इंजिन उघडलंय, त्याने त्यातला एक अख्खा दिवस वेब्रिजच्या ब्रुकलँड्स म्युझियमसाठी राखून ठेवावा. मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये उभी हयात काढली, आधी बॉडी सेक्शनला आणि नंतर इंजिन सेक्शनला. लेक-जावई वोकिंगला राहतात. तिथून वेब्रिज त्याच रेल्वेलाइनवर, अवघ्या काही स्टेशनांवर आहे. लंडनहून यायचं तर वॉटर्लूहून गाडी मिळते.

जगात मोटारींच्या शर्यतींसाठी म्हणून मुद्दाम बांधलेला पहिला ट्रॅक तो हा. ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने तो बांधला. त्या काळी ब्रिटनच्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती आणि रस्त्यावर शर्यत लावायला परवानगी नव्हती. मग इथल्या कारखानदारांनी गाडी पळवून बघायची कुठे? फ्रेंच आणि इटालियन पुढे निघून चालले होते. लॉक किंगने सुमारे दीड लाख पौंड ओतले, त्यात तो जवळजवळ कफल्लक झाला आणि त्याची बायको एथेल हिने कारभार हातात घेऊन काम तडीस नेलं. १७ जून १९०७ ला ट्रॅक खुला झाला, तेव्हा गाड्यांच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे स्वतः गाडी चालवत होती ती एथेल.

ट्रॅकची लांबी पावणेतीन मैल, म्हणजे जवळपास साडेचार किलोमीटर. रुंदी १०० फूट. वळणांवर काँक्रीटची भिंत कलती होत होत जवळजवळ २९ फूट उंच जाते. वेगात आलेली गाडी वळणावर बाहेर फेकली जाऊ नये, म्हणून रस्त्यालाच हा उतार दिला. आज पूर्ण कडं शिल्लक नाही. पण मेंबर्स बँकिंग नावाचा कलत्या वळणाचा भाग जपलाय आणि त्याच्यावर पायी चढता येतं. चढाच. फोटोत तो रस्ता वाटतो. प्रत्यक्षात वरच्या कडेला उभं राहिलं की पाय आपोआप खाली घसरायला बघतात, आणि इथून माणसं ताशी सव्वाशे मैलांनी गेली हे खरं वाटत नाही. मी खाली बसून काँक्रीट हाताने चाचपून बघितलं. एवढ्या उतारावर डांबर थापून त्यावर रोलर फिरवणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून काँक्रीट जमिनीवरच ओतलं होतं. जमीन जागोजाग बसत गेली आणि ट्रॅक खडबडीत झाला. वे नदीवर पूल होता, तोही थोडा खचला. त्या जागी वेगातल्या गाड्यांची चारही चाकं हवेत उठायची. तसे उडालेल्या गाड्यांचे फोटो इथे लावलेत. पुढचा-मागचा ॲक्सल, पाटे, चासी, सगळ्यांनी तो दणका कसा सोसला असेल, हा विचार मी बराच वेळ करत राहिलो.

ट्रॅक उघडून दोन आठवडे होत नाहीत तोच, २८ जूनच्या संध्याकाळी एस. एफ. एज याने नेपियर गाडी काढली आणि सलग २४ तास एकट्याने चालवली. रात्री कडेने लाल कंदील ठेवले होते. १,५८१ मैल, म्हणजे अडीच हजार किलोमीटरहून जास्त, सरासरी ताशी सुमारे ६६ मैल. हे १९०७ सालचं, आणि तेव्हाच्या टायरवर. आजूबाजूच्या रहिवाशांनी मात्र रात्रभरच्या आवाजाविरुद्ध अशी ओरड केली की इथे रात्रीची शर्यत कायमची बंद झाली. म्हणूनच पुढे १९२९ साली २४ तासांची शर्यत भरवायची वेळ आली, तेव्हा ती दोन दिवस बारा-बारा तास अशी घेतली आणि मधल्या रात्री गाड्या कुलपात ठेवल्या. सायलेन्सरही सक्तीचा झाला. गोल डब्याला पुढे माशाच्या शेपटीसारखा चपटा पाइप, असा तो ब्रुकलँड्सचा सायलेन्सर जुन्या गाड्यांवर बघायला मिळतो. एक्झॉस्टचं काम केलेल्या माणसाने जरूर थांबून बघावा.

पर्सी लँबर्टचं नाव इथे आदराने घेतात. १५ फेब्रुवारी १९१३ रोजी त्याने टॅलबॉट गाडीने एका तासात १०३.८४ मैल तोडले. एका तासात शंभर मैलांहून जास्त अंतर तोडणारा तो जगातला पहिला माणूस. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, दुसऱ्याने मोडलेला आपला विक्रम परत मिळवायला निघाला असताना टायर फुटून तो याच ट्रॅकवर गेला.

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो शेडमध्ये. लोक ट्रॅकवर फोटो काढतात आणि शेड पटकन उरकतात, मला ते पटलं नाही. ब्रुकलँड्सचा जीव या शेडमध्ये आहे. ट्रॅकच्या कडेलाच गाड्या बांधायच्या, दहा मिनिटांत ट्रॅकवर नेऊन पळवायच्या, काही तुटलं की परत शेडमध्ये आणून उघडायच्या, असं इथे रोज चाले. शर्यत बघायला प्रेक्षक येत, पण आठवड्याचे बाकीचे दिवस हे एक मोठं टेस्टिंग सेंटर होतं. वेगाचे विक्रम करणाऱ्या माल्कम कॅम्पबेलची शेड आहे. ज्या ब्ल्यू बर्ड गाडीने तो १९३५ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ३०० मैलांच्या पुढे गेला, तिचं काम इथल्याच थॉमसन अँड टेलर या वर्कशॉपने केलं होतं.

ते वर्कशॉप ज्याच्या कामातून उभं राहिलं तो पॅरी थॉमस, आणि त्याच्या फोटोपुढे मी थबकलो. हा लेलँड कंपनीचा चीफ इंजिनिअर. लेलँड हे नाव आम्ही एसटीवाले रोज बघत आलो. मद्रासच्या अशोक मोटर्सचं १९५५ साली अशोक लेलँड झालं ते याच इंग्लिश कंपनीशी हात मिळवून. थॉमसने लेलँडसाठी आठ सिलिंडरची भारी मोटार बनवली, मग नोकरी सोडली आणि ट्रॅकच्या आतल्याच एका घरात राहायला आला, म्हणजे दिवस-रात्र गाडीपाशी राहता यावं. ३ मार्च १९२७ रोजी वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर वेगाचा विक्रम करताना त्याचा जीव गेला. जवळच बायफ्लीटच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलंय. ज्या कंपनीची इंजिनं आम्ही हजारो वेळा खोलली, तिथला एक माणूस असा जगला हे मला या वयात कळलं.

आता नेपियर-रेल्टन. म्युझियममध्ये दुसरं काही पाहिलं नाही तरी ही गाडी पाहा. १९३३ साली रीड रेल्टनने आखली, थॉमसन अँड टेलरने बांधली, जॉन कॉबने चालवली. इंजिन विमानाचं, नेपियर लायन, २४ लिटरचं. बारा सिलिंडर, चार-चारच्या तीन ओळींत, मधली ओळ उभी आणि बाजूच्या दोन तिरक्या. एसटीच्या बसचं इंजिन साधारण सहा लिटरच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज बांधा. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, कारण या ट्रॅकवर बाहेरच्या फेऱ्यात ब्रेक लावायची वेळच क्वचित यायची. ७ ऑक्टोबर १९३५ ला कॉबने तिच्यावर ताशी १४३.४४ मैलांनी, म्हणजे सुमारे २३१ किलोमीटरने फेरी मारली. ट्रॅकचा हा विक्रम कायमचा राहिला, कारण पुढे शर्यतीच थांबल्या. युद्धानंतर याच गाडीवर विमानाच्या ब्रेक-पॅराशूटच्या चाचण्या घेतल्या, म्हणजे तिला कामाला लावलं, शोभेला ठेवलं नाही. आजही ती चालू स्थितीत आहे. आम्ही गेलो त्या दिवशी ती सुरू केली. आधी एकेक सिलिंडर पकडत गेलं, मग सगळे एकदम लागले, आणि पायाखालची जमीन थरथरली. आयडलिंगला तिचा ठोका इतका सावकाश पडतो की मध्ये श्वास घ्यावा. मी डोळे मिटून ऐकलं.

टेस्ट हिल हा १९०९ साली बांधलेला चढ क्लबहाउसच्या मागे आहे. खाली आठास एक, म्हणजे आठ फूट पुढे गेलं की एक फूट वर, मध्ये पाचास एक आणि वर चारास एक. लांबी फक्त ३५२ फूट. गाडीला चढवायची, मध्येच थांबवून ब्रेक धरतो का बघायचं आणि परत उचलायची. खंबाटकीत भरलेली गाडी मध्येच थांबवून पुन्हा उचलणं काय असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला चारास एकचा चढ समजावून सांगावा लागणार नाही. जावई म्हणाले, बाबा, हा तर छोटासा आहे. मी त्यांना वरपर्यंत चालायला लावलं.

लेकीने मात्र के पेट्रीचा फोटो धरून ठेवला. पाच फुटांहूनही कमी उंचीची ही बाई १०.५ लिटरची डेलाज चालवायची. १९३५ साली तिने ताशी १३४.७५ मैलांची फेरी मारली. आणि बिॲट्रिस शिलिंग, जिने नॉर्टन मोटारसायकलवर इथे शंभरच्या पुढे फेरी मारून १९३४ साली गोल्ड स्टार मिळवला. ती शिकलेली इंजिनिअर. युद्धात मर्लिन इंजिनाची विमानं एकदम खाली सूर मारताना कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊन बंद पडायची, तेव्हा तिने इंधनाच्या वाटेत एक छोटी भोकाची चकती बसवून तो दोष आटोक्यात आणला. काही पैशांची चकती, आणि वैमानिकांचे जीव वाचले. अशी कामगिरी मला विक्रमांहून मोठी वाटते.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये शर्यती थांबल्या त्या थांबल्याच. जागा विमानांच्या कारखान्यांनी घेतली. ४ सप्टेंबर १९४० ला दुपारी व्हिकर्स या विमान कंपनीच्या कारखान्यावर जर्मनांनी बाँब टाकले आणि ऐंशीहून जास्त कामगार मेले. इथे तयार झालेल्या २,५१५ वेलिंग्टन बाँबरांपैकी एक आता हॉलमध्ये उभं आहे. ते १९४० च्या शेवटच्या दिवशी स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यात उतरवावं लागलं होतं, आणि १९८५ साली वर काढलं. (जॉन कॉबही १९५२ साली त्याच तळ्यात बोटीचा विक्रम करताना गेला.) बार्न्स वॉलिस या इंजिनिअरने या बाँबरचा सांगाडा जाळीसारखा विणलाय. हलका, आणि एका बाजूला मार बसला तरी बाकीचा भार सांभाळणारा. तिथल्या एका वयस्कर स्वयंसेवकाने हाताळायला ठेवलेल्या तुकड्यावर मला सांधा न् सांधा दाखवला, रिव्हेट कुठून घालायचा आणि आतून कुणी धरायचं तेही. मी त्यांना एसटीच्या बॉडीला ॲल्युमिनियमचा पत्रा कसा मारायचो ते दाखवलं. चहाची वेळ होऊन गेली.

काँकॉर्ड आहे, आत जाता येतं, नातवाला आवडलं. व्हायकाउंटही आहे. आपल्या इंडियन एअरलाइन्सने ही विमानं वापरली, त्यामुळे आमच्या पिढीला ओळखीची. शेजारीच मर्सिडीज-बेंझ वर्ल्ड आहे, पोरं तिथे रमतात.

याच आवारात लंडन बस म्युझियम आहे. त्याचं वेगळं तिकीट नाही. घोड्यांच्या बसपासून सुरुवात, मग भरीव रबराच्या चाकांच्या, उघड्या टपाच्या बसेस, आणि शेवटी आरटी आणि रूटमास्टर या लंडनच्या दुमजली बसेस. आरटीचं मला फार कौतुक वाटलं. एक चासी दुसऱ्या बॉडीला आणि ती बॉडी तिसऱ्या चासीला बसेल इतकी मापं पक्की ठेवली होती. ऑल्डनमच्या वर्कशॉपमध्ये बस आली की बॉडी उचलून बाजूला, चासी वेगळ्या लाइनला, आणि जी तयार होईल ती जोडी बाहेर. ओव्हरहॉलला आलेली गाडी रस्त्यावरून किती दिवस बाहेर राहते यावर आमच्या साहेबांचं सगळं लक्ष असायचं, त्यामुळे या व्यवस्थेची किंमत मला कळते. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली बस निघाली तीही इंग्लिश, बेडफर्डची. लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा.

ट्रॅकचा मोठा भाग आज ऑफिसांखाली आणि घरांखाली गेलाय. १९५१ साली व्हॅलियंट बाँबरसाठी धावपट्टी लांबवायला कड्यात भगदाड पाडलं, ते पाहून वाईट वाटतं. उरलेलं त्यांनी नीट राखलंय.

जाणाऱ्यांसाठी : बूट घालून जा, काँक्रीटला भेगा आहेत आणि कडेला शेवाळ धरतं. काही विमानं आणि ट्रॅक उघड्यावर आहे, तेव्हा पाऊस बघून दिवस ठरवा. गुडघे दुखत असतील तर बँकिंग खालूनच बघा आणि तो वेळ शेडमध्ये घालवा. आणि इंजिनं सुरू करायचा दिवस कधी आहे आणि नेपियर-रेल्टन त्या दिवशी घरीच आहे ना, एवढं आधी त्यांना विचारून घ्या, कारण ती गाडी कधी कधी दुसरीकडच्या कार्यक्रमांना जाते.