आठ महिने एफ-ड्रॉइडवरची ॲप्स वापरली, त्याचा अनुभव

सुरुवात आईच्या फोनपासून झाली. तिच्या पंचांगाच्या ॲपमध्ये तिथी बघायला गेलं की आधी जाहिरात, आणि बंद करायची फुली एवढुशी की चुकून बोट लागून 'फोन साफ करा'वालं कुठलंतरी ॲप येऊन बसलं, ते मग रात्री-अपरात्री नोटिफिकेशन पाठवायचं आणि आईला खरंच वाटायचं फोनमध्ये व्हायरस शिरलाय. त्याच रविवारी दोघांच्याही फोनवर एफ-ड्रॉइड हे अँड्रॉइडसाठीचं वेगळं ॲप स्टोअर टाकलं.

हे २०१० पासून चालू आहे, फक्त ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता आणि वापरता येतो, अशीच ॲप्स मिळतात. प्ले स्टोअरवर नाहीये, त्यांच्या साइटवरून एपीके (ॲप टाकायची फाईल) घ्यावी लागते, फोन वॉर्निंग देतो. प्रत्येक ॲपच्या पानावर त्यात जाहिराती, ट्रॅकिंग असलं काही असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, खाली परमिशनची यादी. मी आता पहिलं तेच बघतो. गॅलरीला, कीबोर्डला इंटरनेट हवंच कशाला? परमिशनच नसेल तर जाहिरात येणार कुठून आणि आपली माहिती जाणार कशी!

गॅलरी फॉसिफायची घेतली. आधी सिंपल मोबाइल टूल्स होतं, ते २०२३ मध्ये विकलं गेलं, मग त्याच्याच कोडवरून हे उभं राहिलं. एकदम मस्त, काही तक्रार नाही.

हेलीबोर्ड कीबोर्ड मात्र सगळ्यांना झेपेल असं नाही. मराठी लेआउट आहे, पण शब्द सुचवायला डिक्शनरीची फाईल वेगळी टाकावी लागते, आणि बाबांना बोलून टाइप करायची सवय, त्यांनी दोन दिवसात जुना कीबोर्ड परत लावून घेतला. मी मात्र हेलीबोर्डवरच लिहितोय.

ऑरगॅनिक मॅप्सवर माझा जीव आहे. महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून ठेवला होता, ताम्हिणीत रेंज गेली तरी रस्ता दाखवत होतं. शहरात ट्रॅफिक कळत नाही, बरीच दुकानं सापडत नाहीत, हे खरंय. पण आपण भर घालू शकतो. गावातली पिठाची गिरणी मी स्वतः टाकली, पुढच्या नकाशाच्या अपडेटला ती दिसली तेव्हा काय भारी वाटलं सांगू!

अपडेट थोडे उशिरा येतात. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स तिथे नाहीत, ती प्ले स्टोअरवरूनच घेतली.

पंचांगाचं मात्र मराठीत मनासारखं काही सापडलं नाही, आई सध्या भिंतीवरच्या कॅलेंडरातच तिथी बघते. जाहिराती नसलेलं, नेट न मागणारं कुणी वापरत असेल तर प्लीज सांगा, तिला मोठी अक्षरं लागतात.